सर्वांसाठी धर्म : कार्ल्याचे यवन, अलेक्झांड्रियाचे विद्वान आणि आपण

तुंगार्लीहून कार्ल्याची लेणी दहा-बारा किलोमीटरवर आहेत. आपल्या विद्यालयात शिकून गेलेल्या बहुतेक विद्यार्थ्यांनी ती पाहिली आहेत. पायऱ्या चढून, एकवीरेच्या देवळाजवळून चैत्यगृहात शिरले की दृष्टी वरच्या लाकडी कमानींकडे जाते आणि खांबांवर कोरलेल्या अक्षरांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. या स्मरणिकेच्या निमित्ताने मला त्या अक्षरांविषयी लिहावेसे वाटते. त्यांतून एक प्रश्न निघतो. एखादा धर्म सर्वांचा आहे, असे केव्हा म्हणता येते? हा प्रश्न प्राचीन जगात अनेक ठिकाणी विचारला गेला, त्यावर मोठे वाद झाले आणि आज तो आपल्या समाजाच्याही दारात उभा आहे.

खांबांवरची नावे

कार्ल्याचे चैत्यगृह इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासचे. भारतातील खोदीव चैत्यगृहांत ते सर्वांत मोठे. आत सदतीस खांब आहेत. वैजयंतीच्या, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासीच्या, भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने आपल्या लेखात हे शैलगृह जंबुद्वीपात सर्वोत्तम असल्याचे अभिमानाने नोंदवले आहे. परंतु हे काम एकट्या श्रेष्ठीचे किंवा राजाचे नाही. धेनुकाकट नावाच्या गावच्या सिंहदत्त या गांधिकाने, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने, दर्शनी दरवाजा दिला. सामी नावाच्या सुताराचे नाव दाराशी कोरलेले आहे. दात्यांमध्ये गृहिणी आहेत, भिक्षुणी आहेत. आणि आतल्या अनेक खांबांवर दात्यांनी आपली ओळख 'धेनुकाकटचा यवन' अशी करून दिली आहे.

हे यवन मूळचे ग्रीक, की पश्चिमेकडून आलेल्या व्यापाऱ्यांना सरसकट दिलेले हे नाव, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. त्यांची नावे प्राकृत आहेत आणि दानाची भाषाही प्राकृतच आहे. एवढे मात्र स्पष्ट दिसते की ज्यांना भोवतालचा समाज परके म्हणून ओळखत होता, त्यांनी स्वतःचे परकेपण न लपवता येथे दान दिले आणि संघाने ते स्वीकारले. मनुस्मृतीत याच यवनांची गणना संस्कार लोपल्यामुळे खालावलेल्या क्षत्रियांत केली आहे. म्हणजे वर्णव्यवस्थेला परका माणूस दिसला, तेव्हा तिने प्रथम त्याची पायरी ठरवली. कार्ल्याच्या खांबावर त्याला पायरी नाही. सुतार, गांधिक, श्रेष्ठी, भिक्षुणी आणि यवन हे सारे तेथे दाते म्हणून एका रांगेत उभे आहेत. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने करजिक हे गाव वलूरकच्या, म्हणजे कार्ल्याच्या, लेण्यांत वर्षावास करणाऱ्या प्रव्रजितांसाठी दिले; तेही पंथ किंवा मूळ न विचारता, चारी दिशांच्या संघासाठी. उषवदात स्वतः शक कुळातला, म्हणजे तोही परकाच.

यवन देशाचे उदाहरण

परक्यासाठी हे दार उघडे राहण्यामागे एक विचार होता. मज्झिम निकायातील अस्सलायन सुत्तात तो नेमका आढळतो. अस्सलायन हा सोळा वर्षांचा विद्वान ब्राह्मण तरुण. ब्राह्मण वर्णच श्रेष्ठ, बाकीचे हीन, असा पक्ष घेऊन तो तथागतांकडे येतो. तथागत त्याला विचारतात, यवन आणि कंबोज देशांत केवळ दोनच वर्ण आहेत, मालक आणि दास. शिवाय तेथे मालकाचा दास होतो आणि दासाचा मालक होतो, हे तू ऐकले आहेस ना? अस्सलायन होकार देतो. या होकाराबरोबर त्याचा पक्ष ढासळतो. वर्ण निसर्गाने किंवा ब्रह्मदेवाने केलेले असते, तर ते सर्व देशांत सारखेच दिसले असते. जे सीमा ओलांडल्यावर बदलते ते माणसांनी घातलेले आहे आणि माणसांनी घातलेले माणसांना मोडता येते.

वासेट्ठ सुत्तात हाच विचार दुसऱ्या बाजूने मांडला आहे. गवत, वृक्ष, किडे, पक्षी, चतुष्पाद यांच्यात जातीजातींची जन्मजात लक्षणे वेगळी असतात; माणसामाणसांत तशी वेगळी लक्षणे सापडत नाहीत. माणूस कर्माने, म्हणजे आपल्या कृतीने, शेतकरी होतो, कारागीर होतो, ब्राह्मणही होतो.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे एक गोष्ट लक्षणीय वाटते. जातीविरुद्धच्या या युक्तिवादात यवनांचे उदाहरण आले आणि पुढे काही शतकांनी आपल्या डोंगरात यवनांच्या नावाचे खांब उभे राहिले. महावंसातील परंपरेप्रमाणे तिसऱ्या संगीतीनंतर अपरान्तात, म्हणजे आपल्या कोकणपट्टीत, धम्म सांगायला जो थेर पाठवला गेला तो 'योन धम्मरक्खित', यवन कुळातलाच होता. ज्या धम्मात परका माणूस दाता होऊ शकतो आणि उपदेशकही होऊ शकतो, तो धम्म सर्वांचा म्हणण्याच्या वाटेवर आहे.

त्याच वाटेवरचे दुसरे टोक

बोरघाटाखालून कल्याण आणि सोपारा ही बंदरे, घाटमाथ्यावरून जुन्नर, पैठण, तेर अशी ती जुनी व्यापारी वाट. तिच्या बंदरांतून माल तांबड्या समुद्रामार्गे इजिप्तमधील अलेक्झांड्रियापर्यंत जात असे. मालाबरोबर बातम्याही जात. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस त्या नगरीत क्लेमेंट नावाचा ख्रिस्ती विद्वान होऊन गेला. आपल्या ग्रंथात भारतीय तत्त्वज्ञांचा उल्लेख करताना त्याने बुद्धाच्या उपदेशाने चालणाऱ्या लोकांचाही उल्लेख केला आहे. पाश्चात्त्य लेखनातील बुद्धाच्या नावाच्या अगदी आरंभीच्या नोंदींपैकी ही एक. ज्या काळात आपल्या डोंगरांत दानलेख कोरले जात होते, त्याच काळात समुद्रापलीकडे नवा, अल्पसंख्य आणि राजसत्तेला नकोसा असलेला ख्रिस्ती समाज त्याच प्रश्नाशी झुंजत होता. सर्व माणसांसाठी एकच धर्म असू शकतो काय?

रोमन साम्राज्यात धर्म म्हणजे नगराचा, कुळाचा, राष्ट्राचा आचार होता. वाडवडिलांनी जे केले ते करावे, हाच धर्म. आमचा धर्म कोणत्याही एका राष्ट्राचा नाही, यहुदी आणि ग्रीक, दास आणि स्वतंत्र, स्त्री आणि पुरुष हे भेद त्यात गळून पडतात, असे म्हणणारे लोक त्या समाजाला विचित्र वाटले तर नवल नाही. त्यांना आपली बाजू तत्त्वज्ञानाच्या भाषेत मांडावी लागली. त्यांच्या तीन युक्तिवादांचा येथे विचार करू.

पहिला युक्तिवाद जस्टिनचा. पॅलेस्टाइनमध्ये जन्मलेला हा माणूस अनेक तत्त्वज्ञान-पंथांतून फिरून ख्रिस्ती झाला, तत्त्ववेत्त्याचा झगा त्याने शेवटपर्यंत सोडला नाही आणि सुमारे १६५ साली रोममध्ये त्याला देहदंड झाला. त्याचे म्हणणे असे की 'लोगोस', म्हणजे विश्वाला चालवणारे विवेकतत्त्व, बीजरूपाने प्रत्येक माणसात पेरलेले आहे. म्हणून सॉक्रेटिससारखे जे कोणी विवेकाने जगले, ते ख्रिस्तापूर्वीचे असोत वा लोकांनी नास्तिक ठरवलेले असोत, ते आमचेच.

या विचारात मोठे औदार्य आहे. सत्यावर एका देशाची मालकी नाही, हे त्यात मान्य केले आहे. पण 'ते आमचेच' या शब्दांशी आपण थोडे थांबले पाहिजे. जिथे जिथे चांगले बोलले गेले ते सारे आमच्या खात्यावर जमा, असाही त्याचा अर्थ होतो. जस्टिनने स्वतः तसे म्हटलेही आहे. परक्याचे मोठेपण मान्य करून त्याला आपल्यात विरघळवून टाकण्याची ही रीत आपल्याला अनोळखी नाही. तथागतांना विष्णूचा नववा अवतार ठरवले गेले ते याच रीतीने. म्हणूनच बाबासाहेबांना बावीस प्रतिज्ञांमध्ये या अवतार-कल्पनेचा स्वतंत्रपणे निषेध करावा लागला. सर्वांना सामावून घेणे आणि सर्वांना गिळून टाकणे यांतले अंतर बारीक असते. ज्याला सामावले जाते त्याला स्वतःच्या नावाने उभे राहता येते की नाही, हे पाहिले म्हणजे ते अंतर कळते. कार्ल्याचा यवन यवन म्हणूनच उभा आहे.

दुसरा युक्तिवाद बारदैसान याच्या नावाशी जोडलेला आहे. तो सीरियाच्या सीमेवरील एडेस्सा नगरीचा, दुसऱ्या-तिसऱ्या शतकातला. त्याच्या शिष्याने लिहून ठेवलेल्या 'देशोदेशीच्या नियमां'वरील संवादात प्रश्न आहे ग्रहताऱ्यांचा. माणसाचे वागणे जन्मवेळच्या ग्रहांनी ठरते, या मताला त्याचे उत्तर असे की एकाच घटकेला निरनिराळ्या देशांत मुले जन्मतात, तरी ती आपापल्या देशाच्या रिवाजाप्रमाणे वागतात. आणि एकाच देशात निरनिराळ्या घटकांना जन्मलेली माणसे एकाच रिवाजाने चालतात. यासाठी तो देशोदेशीची उदाहरणे देतो. त्यांत भारतातील ब्राह्मणांचाही दाखला आहे. मग तो सांगतो की ख्रिस्ती माणसे कोणत्याही देशात असली तरी त्या देशाच्या वाईट चाली सोडून एकाच नीतीने राहतात. याचा अर्थ माणूस ग्रहांनीही बांधलेला नाही आणि जन्मभूमीच्या रिवाजानेही बांधलेला नाही. तो निवड करू शकतो. अस्सलायन सुत्त वाचलेल्या माणसाला हा युक्तिवाद घरचा वाटेल. देशादेशांची तुलना करून जन्माचे बंधन तोडण्याची रीत दोन्हीकडे एकच आहे.

सेल्सस आणि ओरिजेन

तिसरा युक्तिवाद प्रत्यक्ष वादातून आला, म्हणून तो सर्वांत महत्त्वाचा. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात सेल्सस नावाच्या ग्रीक तत्त्ववेत्त्याने ख्रिस्ती लोकांविरुद्ध एक ग्रंथ लिहिला. त्याच्या नावाचा अर्थ 'सत्य वचन' असा होतो. या नव्या धर्माकडे कोण जाते, तर लोकर विंचरणारे, चांभार, परीट, दास, बायका आणि पोरे, असे त्याने हिणवून लिहिले. ही यादी वाचताना आपल्या वाचकांच्या मनात काय येईल हे मी सांगायला नको. पण त्याचा मुख्य मुद्दा या टवाळीपेक्षा खोल होता. प्रत्येक राष्ट्राला त्याचे रीतिरिवाज आरंभापासून नेमून दिलेले आहेत, ते मोडणे हेच पाप आहे. आशिया, युरोप आणि लिबिया, ग्रीक आणि रानटी, हे सारे कधी एका नियमाखाली येतील असे ज्याला वाटते त्याला काहीच कळत नाही, असे त्याचे मत होते.

सुमारे २४८ साली, अलेक्झांड्रियात वाढलेल्या ओरिजेनने या ग्रंथाला आठ खंडांत उत्तर दिले. त्याचा प्रतिप्रश्न साधा आहे. नेमून दिलेला रिवाज पाळणे हाच धर्म असेल, तर जेथे परक्या माणसाचा बळी देण्याची चाल आहे तेथे बळी देणे धर्म ठरेल आणि जेथे बापाला मारण्याची मुभा आहे तेथे पितृहत्या धर्म ठरेल. मग धर्म आणि अधर्म ही केवळ गावागावांची सोय झाली. शिवाय तत्त्ववेत्तेही वाडवडिलांच्या अंधश्रद्धा सोडूनच तत्त्ववेत्ते होतात. त्यांना जे चालते ते विणकराला आणि दासाला का चालू नये?

माझ्या मते प्राचीन जगातील कोणत्याही सनातनी विचाराला दिलेल्या मोठ्या उत्तरांमध्ये याची गणना झाली पाहिजे. 'ज्याचा त्याला नेमून दिलेला धर्म', हे सेल्ससचे सूत्र आपल्या देशात स्वधर्म या नावाने शतकानुशतके सांगितले गेले. फरक इतकाच की सेल्ससने ते राष्ट्राराष्ट्रांना लावले आणि आपल्याकडे ते एका गावातल्या घराघरांना लावले गेले. त्यामुळे ओरिजेनचे उत्तर येथे अधिकच टोकदार होते. रिवाज जुना आहे म्हणून तो योग्य ठरत नाही. योग्य-अयोग्य ठरवायला रिवाजाबाहेरची कसोटी लागते आणि ती कसोटी वापरण्याचा अधिकार चांभाराला तत्त्ववेत्त्याइतकाच आहे. आपण बौद्ध आहोत म्हणून ख्रिस्ती विचारवंताचे हे ऋण नाकारण्याचे कारण नाही. त्याचा ईश्वर आपल्याला मान्य नाही; त्याने जन्मसिद्ध आचारावर धरलेला प्रश्न मात्र आपल्या कामाचा आहे.

आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. सेल्ससचा मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही. तो आपल्याला कळतो तो ओरिजेनमुळे, कारण ओरिजेनने प्रतिपक्षाची वाक्ये उतरून घेऊन त्यांना एकेक करून उत्तर दिले. ज्याला पटवायचे आहे तो विरोधकाचे म्हणणे नीट ऐकतो आणि दुसऱ्यालाही ऐकवतो.

युक्तिवाद जिंकला, त्यानंतर

तिसऱ्या शतकाच्या आरंभी कार्थेजचा तर्तुलियन रोमन अधिकाऱ्याला बजावत होता की धर्माची सक्ती करणे हा धर्मच नव्हे. ३१३ साली ख्रिस्ती लोकांना आपला धर्म उघडपणे पाळण्याचे स्वातंत्र्य मिळाले. ३८० साली सम्राट थिओडोसिअसच्या काळात एक विशिष्ट ख्रिस्ती मत साम्राज्यातील सर्वांनी पाळावे असा हुकूम निघाला. ३८४ साली रोमचा जुना उपासक सिम्माकस विनंती करत होता की एवढ्या गूढ सत्याकडे जाण्याची एकच वाट असू शकत नाही, आमची वेदी आम्हाला परत द्या. ती विनंती फेटाळली गेली. त्या दशकानंतर देवळांतील पूजेवर बंदी आली. ४४८ साली ख्रिस्ती मताविरुद्ध लिहिणाऱ्या पॉर्फिरीचे ग्रंथ जाळण्याचा हुकूम निघाला. ओरिजेनने विरोधकाचे शब्द जतन केले. त्याच्या वारसांनी विरोधकाचे ग्रंथ जाळले. मधल्या काळात युक्तिवाद बदलला नव्हता. तो करणाऱ्यांच्या हाती राजदंड आला होता.

दुसरी कसोटी दासांची. दास आणि स्वतंत्र हा भेद ज्या धर्माने नाकारला, त्या धर्माचे साम्राज्य आल्यावर दास्य संपायला हवे होते. ते संपले नाही. ऑगस्टीनसारख्या थोर विचारवंताने दास्य हे निसर्गाने आलेले नाही असे म्हटले, पण ते पापाचे फळ आहे असे सांगून त्याला जागा करून दिली. जो भोगतो आहे त्याच्या माथी त्याच्या भोगाचे कारण मारणारी ही मांडणी पूर्वजन्मीच्या कर्माच्या सिद्धान्ताची सख्खी बहीण आहे. एक आवाज मात्र निराळा होता. त्याच सुमारास आशिया मायनरमधील निस्साचा धर्मगुरू ग्रेगरी याने आपल्या प्रवचनात थेट विचारले की माणसाची किंमत किती नाणी लावलीत, आणि ती लावण्याचा अधिकार तुम्हाला दिला कोणी? इतक्या स्पष्टपणे दास्याची व्यवस्थाच नाकारणारा दुसरा आवाज त्या जगात क्वचितच ऐकू येतो. पण त्याच्या प्रश्नाचे कायद्यात रूपांतर झाले नाही.

पुढे हा धर्म आपल्या देशात रुजला, तेव्हा धर्मांतरितांतही जातिभेद टिकून राहिला. बाबासाहेबांनी यावर परखडपणे लिहिले आहे. 'सर्वांसाठी' असे म्हणणे आणि सर्वांना एका पंक्तीत बसवणे ही दोन निरनिराळी कामे आहेत.

आपला हिशेब

दुसऱ्याचा हिशेब मांडणाऱ्याने स्वतःचाही मांडला पाहिजे. तथागतांच्या संघात उपाली नाभिक होता; शाक्य कुमारांनी आपला अहंकार मोडावा म्हणून त्याला आपल्याआधी प्रव्रज्या देण्याची विनंती केली आणि नंतर त्याला वंदन केले. सुनीत सफाई करणारा होता. हा आपला खरा वारसा आहे. पण विनयात दासाला, कर्जदाराला आणि राजाच्या सैनिकाला प्रव्रज्या नाकारणारे नियम आहेत, हेही खरे. मालकांच्या आणि राजांच्या तक्रारींपुढे संघाने काही ठिकाणी मर्यादा स्वीकारली. श्रीलंकेत अठराव्या शतकात स्थापन झालेल्या सियाम निकायाने उपसंपदा एका वरचढ जातीपुरती मर्यादित केली. इतर जातींतील लोकांना ती घेण्यासाठी ब्रह्मदेशात जावे लागले. ज्या बुद्धवचनात जातीची जन्मजात लक्षणे नाकारली आहेत, त्याच वचनाचे पठण करणाऱ्यांनी हे केले. धम्म श्रेष्ठ आहे एवढ्याने त्याचे अनुयायी आपोआप निर्दोष होत नाहीत.

महाराष्ट्रात हा प्रश्न नव्याने मांडला तो महात्मा जोतीराव फुले यांनी. ते पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. एकाच निर्मिकाची सर्व लेकरे, हा विचार त्यांनी घेतला. त्यासाठी चर्चमध्ये मात्र गेले नाहीत. २४ सप्टेंबर १८७३ रोजी त्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. त्यांच्या निधनानंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त त्यांनी एक घर कल्पिले आहे. त्यात पत्नी बौद्ध होते, पती ख्रिस्ती होतो, मुलगी महंमदी धर्म स्वीकारते आणि मुलगा सत्यधर्मी होतो. तरी ती चौघे एकमेकांचा द्वेष न करता प्रेमाने राहतात. थिओडोसिअसच्या हुकुमाला याहून सुंदर उत्तर मी वाचलेले नाही. फुल्यांचा सार्वजनिक धर्म घरातल्या प्रत्येकाला स्वतःच्या विवेकाने निवड करू देतो आणि तरीही चूल एक ठेवतो.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात बुद्ध आणि त्यांच्या धर्माचे भवितव्य या विषयावर लेख लिहिला. आधुनिक जगाला चालेल अशा धर्माच्या कसोट्या त्यांनी त्यात दिल्या. तो नीतीवर उभा असला पाहिजे. विज्ञानाशी, म्हणजे बुद्धीशी, सुसंगत असला पाहिजे. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे त्याने मानली पाहिजेत. आणि त्याने दारिद्र्याचे उदात्तीकरण करता कामा नये. या कसोट्यांत 'आमचा' हा शब्द कुठेही नाही. सेल्सस आणि ओरिजेन यांना जे साधले नाही ते येथे साधले आहे. कसोटी रिवाजाची नाही, तशीच ती दैवी आज्ञेचीही नाही. ती कोणत्याही माणसाने स्वतः तपासून पाहावी अशी आहे. २५ डिसेंबर १९५४ रोजी आपल्या जवळच्या देहूरोडला बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखोंना धम्मदीक्षा दिली. दीक्षा घेणाऱ्यांवर कोणाची सक्ती नव्हती. लोक आपल्या पायांनी आले होते.

आज आपल्यासमोर

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात सुमारे ८४ लाख बौद्ध आहेत आणि त्यांतले सुमारे ६५ लाख महाराष्ट्रात आहेत. या आकड्यांचा आपल्याला अभिमान वाटतो, तो योग्यच आहे. पण महाराष्ट्रातील बौद्धांपैकी बहुसंख्य एकाच पूर्वाश्रमीच्या जातीतून आलेले आहेत. त्यामुळे 'बौद्ध' हा शब्द शेजाऱ्याच्या तोंडी जातीचे नाव होऊन बसला आहे. शेजाऱ्याला दोष देणे सोपे आहे. पण आपण स्वतः तो शब्द कसा वापरतो? वधू-वर मेळाव्यांत जुनी पोटजात हळूच विचारली जाते. काही घरांत पत्रिकाही पाहिली जाते; बारदैसानचे नावही न ऐकलेल्या आपल्या आजोबांनी जे ग्रह सोडले, ते नातवंडांच्या लग्नात परत येतात. जन्माने बौद्ध झालेला आपला आणि विचाराने बौद्ध झालेला पाहुणा, असा भेदही कानावर येतो. हे असेच चालले तर सर्वांसाठी आलेला धम्म एका समाजाचा कुळाचार होईल आणि सेल्ससच खरा ठरेल.

आपल्या विद्यालयापुढे हा प्रश्न प्रवेशाच्या रूपाने येतो. मावळच्या डोंगरकडेला कातकरी आणि ठाकर वाड्या आहेत. तेथल्या मुलांची शाळा आई-वडिलांच्या स्थलांतराबरोबर तुटते. इमारतींच्या कामांवर आलेल्या मजुरांची मुले आहेत. त्यांना निवासी शाळेची जेवढी गरज आहे तेवढी फार थोड्यांना असेल. यावर काही ज्येष्ठ मंडळींचे म्हणणे मी अनेकदा ऐकले आहे. ही वास्तू आपल्या लोकांनी पोटाला चिमटा घेऊन उभी केली. आपलीच कितीतरी मुले अजून बाहेर आहेत. जागा मोजक्या आहेत. मग आधी आपले नको का? हे म्हणणे हलके नाही. ज्यांना शतकानुशतके शाळेच्या दाराबाहेर बसवले गेले, त्यांनी स्वतःचे दार उभारले, तेव्हा ते जपण्याची धास्ती वाटणारच. ज्यांच्यासाठी इतरांनी काही केले नाही, त्यांच्यासाठी केलेली संस्था संकुचित म्हणता येत नाही.

तरीही माझे मत असे आहे की प्रवेशाची कसोटी गरज हीच असावी. आपल्या समाजातील गरजू मूल गरजेच्या कसोटीवर मागे पडणार नाही. मागे पडेल ते ऐपत असलेल्या घरातले आपले मूल आणि तसे झाले तर त्यात अन्याय नाही. बाहेर राहिलेल्या आपल्या मुलांसाठी जागा वाढवणे हे माजी विद्यार्थ्यांचे काम आहे. वसतिगृहातली एखादी खोली वाढवण्याचा खर्च आज आपल्यातल्या अनेकांना झेपण्यासारखा आहे. कातकरी मुलाला दार बंद करून ती जागा काढणे हा उपाय नव्हे.

त्याचबरोबर दुसरी दक्षताही घ्यायला हवी. आलेल्या मुलाला आपल्या भाकरीच्या बदल्यात बुद्धवंदना म्हणायला लावणे हा ३८० सालच्या हुकुमाचाच छोटा अवतार होईल. राज्याने मान्यता दिलेल्या शाळेत पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक उपासनेत सहभागाची सक्ती करता येत नाही, असे संविधानाचे २८ वे कलम सांगते. पण आपल्याला कायद्याच्या धाकाची गरज पडू नये. 'एहिपस्सिक', ये आणि पाहा, हे धम्माचे विशेषण आहे. मुलाने यावे, पाहावे, प्रश्न विचारावेत, पटले तर घ्यावे, न पटले तर आपल्या वाडीतला देव घेऊन सुखाने परत जावे. त्याला येथे मिळालेली समता त्याच्या अंगी राहिली, तर धम्माचे काम झाले. आपल्या मुलांनाही हाच नियम लागू आहे. घरून आलेला धम्म त्यांनी तपासून घ्यावा आणि वर्गात त्यांना येशूचे, पैगंबरांचे, कबीरांचे, फुल्यांचे विचारही आदराने वाचायला मिळावेत. विरोधकाचे म्हणणे नीट मांडता येणे, ही ओरिजेनपासून घेण्यासारखी शिस्त आहे. वक्तृत्व स्पर्धेत दोन्ही बाजूंनी बोलायला लावल्यास ती दहाव्या वर्षीही शिकवता येते.

पालकांना एवढीच विनंती की घरात नवे स्थळ येईल, शेजारी नवे कुटुंब राहायला येईल, विहारात अनोळखी माणूस येऊन बसेल, तेव्हा 'हा आपल्यातला का?' हा प्रश्न ओठांवर येण्याआधी थांबवावा. आणि माजी विद्यार्थी पुढच्या वेळी आपल्या मुलाबाळांना घेऊन कार्ल्याला जातील, तेव्हा त्यांनी खांबांजवळ थोडे थांबावे आणि त्यांतल्या एका तरी यवनाचे नाव मुलांना वाचून दाखवावे. परक्या माणसाला आपल्या नावानिशी येथे जागा मिळाली होती, हे मुलांना कळले तर आपल्या शाळेचे दार कोणासाठी आहे हेही त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.

जय भीम.